चौथी ओळ

आमच्या निवृत्त कामगारांच्या संघाने यंदाच्या अंकासाठी जुन्या सोबत्यांवर लिहायचं ठरवलं. डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, माझ्या हाती काराची आली. मला लिहायची सवय नाही. चिठ्ठी बदलून मागावी असं दोनदा मनात आलं, पण मागितली नाही.

कारा म्हणजे आमचा फिटर. पिशव्या भरून त्यांची तोंडं गरम पट्ट्यांनी चिकटवणारी यंत्रं होती, ती त्याच्या हाताखाली. यंत्रं जपानी, त्यांच्या पुस्तिकाही जपानी, आणि त्यांचा अनुवाद करायला मी. माझं जपानी टपालाने शिकलेलं. वाचता यायचं, समोरचा बोलायला लागला की घाम फुटायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मास्तर, त्यांच्या भाषेत हे झाल्यावर ते कर, असं कसं म्हणतात?"

मी सांगितलं की क्रियापदाच्या शेवटी 'ते' लावायचा, आपल्या 'करून'सारखा. थांबवून उघड, बसून लिही. पण पहिलं काम पुरतं झाल्यावरच दुसरं, असं ठासून सांगायचं असेल तर त्यापुढे 'कारा' जोडायचा. तोमेते कारा, आकेरु. बंद करून मगच उघडणे.

"म्हणजे कारा हा फाटकावरचा वॉचमन," तो म्हणाला. "मागच्याची सही झाल्याशिवाय पुढच्याला आत सोडत नाही."

इतकी वर्षं मी हे शिकत होतो, पण मला इतकं सोपं सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून तो यंत्रापाशी उभा राहून पुटपुटायचा, तोमेते कारा, आकेरु. महिनाभरात सगळे त्याला कारा म्हणू लागले. त्याच्या बायकोनेही तेच नाव उचललं.

कार्डांचा नियम त्यानेच घातला. प्रत्येक यंत्रावर कामाच्या पायऱ्यांचं कार्ड चिकटवलेलं असायचं. मी अनुवाद करायचा, टंकलेखक बाई टाइप करायच्या, मग मी यंत्रापाशी जाऊन एकेक ओळ मोठ्याने वाचायची, काराने ती करून बघायची आणि त्यानंतर मी खाली सही करायची. सही नसलेलं कार्ड तो हातात धरायचा नाही. "मास्तर, तुमची सही म्हणजे माझे डोळे," म्हणायचा.

मग नवं यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर एक जपानी इंजिनिअर. आठ दिवस तो त्या यंत्रापाशीच उभा असायचा. मी वरच्या ऑफिसातून खाली गेलो की हसून काहीतरी विचारायचा, आणि मला त्यातला एक शब्द कळायचा नाही. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. तिसऱ्या दिवसापासून मी खाली जायचं टाळलं. नऊ कार्डं टाइप होऊन आली. मी ती टेबलावरच चाळली आणि सह्या केल्या.

तो पाहुणा परत गेला त्या सकाळी कारा कार्डं न्यायला आला.

"मास्तर, वाचायचं राहिलंय ना?"

"मी तपासलंय. लाव तू."

"पाच मिनिटांचं काम आहे. चला की."

"अरे लाव म्हटलं ना. सही आहे खाली."

त्याने सही बघितली आणि गेला.

दुपारी पट्ट्यांत पिशवी अडकली. काराने कार्ड वाचून एकेक पायरी केली, झाकण उघडलं आणि हात घातला. नळीत उरलेली हवा होती. तिच्या दाबाने पट्ट्या मिटल्या. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा मी यंत्रापाशी गेलो. कार्डावर चौथी ओळच नव्हती. 'हवेचा खटका बंद करून उरलेली हवा सोडा.' ती टाइप करताना राहून गेली होती. मी वर आलो, नवं कार्ड टाइप केलं, चौथ्या ओळीसकट, सही केली आणि लोक चहाला गेलेले असताना लावून आलो. जुनं घडी करून खिशात घातलं.

चौकशीत साहेबांनी कार्ड बघितलं. सगळ्या ओळी जागच्या जागी. काराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मीच ओळ गाळली असेन. कशी गाळली ते आठवत नाही." मी शेजारीच बसलो होतो. त्याच्या नावापुढे 'हलगर्जीपणा' लागला आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पुढची अकरा वर्षं तो नट-बोल्ट मोजून देत होता.

आणि लोकांना विषय मिळाला. "काय कारा, आधी बोटं, मगच खटका बंद?" हे वाक्य निदान शंभर वेळा ऐकलं असेन. एकदा सगळ्यांबरोबर मीही हसलो. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तोही हसला.

इथवर लिहून झाल्यावर ते आधी त्याला वाचून दाखवायचं ठरवलं. मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. बाहेरच्या खोलीत बसून मी वाचलं, मान वर न करता. वाचून झाल्यावर खिशातलं जुनं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने ते उरलेल्या तीन बोटांनी उचललं. एकेक ओळ ओठ हलवत वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे ती ओळ नव्हतीच?"

"नव्हती."

"मी गाळली नाही?"

"नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "बाहेर पडताना हे तीन-तीनदा परत येतात. गॅस बघतात, नळ बघतात, कडी ओढून बघतात. लेकीच्या लग्नाला निघालो तेव्हा रिक्षा अर्ध्या वाटेतून परत फिरवली. का, तर म्हणे माझा मला भरवसा नाही. तेव्हा हे कार्ड तुमच्याच खिशात होतं ना?"

मी हो म्हणालो.

काराने कार्ड मांडीवर ठेवलं. "त्या जपानी माणसाशी बोलायची लाज वाटत होती, तर मला सांगायचं," तो म्हणाला. "मी त्याला चहाला घेऊन गेलो असतो. पाच मिनिटांचं काम होतं, मास्तर."

"हे अंकात द्यायचं म्हणतोय. तुझी हरकत नसेल तर."

"द्या. जे हसले त्यांच्यातले निम्मे अजून आहेत. वाचू देत." त्याने कागद माझ्याकडे सरकवले. "वाचून झालंय. आता सही करा."

मी सही केली. कार्ड त्याने परत दिलं नाही.

त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबरच निघालो. वहिनी आधीच शेजारी गेल्या होत्या. त्याने कुलूप लावलं, ओढून बघितलं. आम्ही फाटकापर्यंत आलो आणि तो थांबला. तो मागे फिरला, पुन्हा कुलूप ओढून आला.

"ठाऊक आहे लावलंय ते," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पण आता हे काही जायचं नाही."

चार पावलं गेल्यावर तो पुन्हा मागे फिरला. मी फाटकाशी उभा राहिलो.