भोकं बुजवणारे बाबा

मंडळी, आज माझ्या वडिलांनी मला 'मदत' केली.

जुन्या दारांच्या फळ्यांपासून मी टेबलं बनवते, हे तुम्हाला माहीतच आहे. आजचं टेबल न्यायला एक ताई हिंजवडीहून विश्रांतवाडीपर्यंत ट्रॅफिक झेलत येणार होत्या. "खिळ्यांची भोकं तशीच ठेवा हं," असं त्यांनी दहादा बजावलं होतं.

दुपारी मी जेवायला घरी गेले. परत येते तर बाबांनी एकूण एक भोक लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरून बुजवलेलं, वर चकाचक पॉलिश! आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. म्हणे, "भोकं पडलेला माल आपल्या दुकानातून जात नाही."

ताईंचा चेहरा पडला. "अहो काका, ती भोकंच तर मला हवी होती!"

"मग टेबल कशाला? चाळण घ्यायची."

ताईंना हसू फुटलं म्हणून मी वाचले. रविवारी पुन्हा येते म्हणाल्या.

संध्याकाळी बाबा स्वतःच हातोडी घेऊन बसले. एक खिळा ठोकला, उपटला, भोकाकडे टक लावून बघितलं. आणि हात गेला थेट लांबीच्या डब्याकडे!

तो डबा कुठे लपवू, सुचवा. घरातली सगळी कपाटं त्यांनीच बनवली आहेत.