स्कोपच्या रिंगांखालचं तेल

आमच्या मळ्यात राघू हाकलायची दादांची स्वतःची रीत आहे. बांधावरच्या बाभळींना त्यांनी तेलाच्या डब्यांचे कापलेले पत्रे टांगलेत. सूर्यफुलात दाणा भरू लागला की ते मचाणावर बसतात आणि छर्र्याच्या बंदुकीनं पत्र्यावर नेम धरतात. छर्रा लागला की पत्रा खणकन वाजतो आणि सगळा थवा उठतो. शेजारचे लोक तेरखेड्याहून सुतळी बॉम्ब आणतात, पण त्यानं बैल बुजतात म्हणून दादांना ते पसंत नाही. इतक्या वर्षांत दादांच्या छर्र्यानं एकही पाखरू मेलं नव्हतं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बंदूक वापरूनही आपल्या हातून जीव गेलेला नाही, ही गोष्ट दादांनी कधी बोलून दाखवली नाही, पण ती त्यांना फार मोलाची होती.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. मी धाराशिवला नोकरीला आहे. ते शेतात राबले म्हणून मी शिकलो, आणि गावी गेलो की काहीतरी चांगलं करून दाखवावं अशी माझी कायम धडपड असते. मागच्या पावसाळ्यात ते म्हणाले, "बारक्या, आता माशी दिसंना बघ. माशी बघाय गेलं की पत्रा पळतोय, पत्रा बघाय गेलं की माशी." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खिळा. वयामुळे जवळचं आणि लांबचं एकदम दिसेना, एवढंच होतं ते. मी लगेच स्कोप घ्यायचं ठरवलं.

स्कोप निवडणं सोपं गेलं. अडलं रिंगांपाशी. स्कोप बंदुकीवर बसतो तो या रिंगांवर. खालून त्या नळीवरच्या खाचेला घट्ट धरतात आणि वरून स्कोपला कवेत घेतात. सोलापूरच्या दुकानदारानं फोनवर विचारलं, स्कोपची नळी केवढी, खाच केवढी, पुढची काच केवढी. काच मोठी असेल तर रिंगा उंच लागतात, नाहीतर काच नळीला टेकते. मी सगळं मोजून सांगितलं. मग तो म्हणाला, "साहेब, तुमची बंदूक स्प्रिंगची. ती पुढंही धक्का देते न् मागंही. दोन सुट्ट्या रिंगा सरकतील. एकसंध माउंट घ्या, खाली अडवायची पिन असलेला." मला वाटलं, हा महागाचा माल माझ्या गळ्यात मारतोय. दोन सुट्ट्या रिंगाच मी मागवल्या. दिसायलाही त्या नाजूक होत्या.

दसऱ्याला गावी गेलो. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाली होती. नांगराचा फाळ, विळे, पंप, सगळ्यांबरोबर बंदूकही पाटावर होती. वहिनींनी तिला गोडंतेल चोळून हळदकुंकू लावलं होतं. नळीवरची खाच तेलानं चकचकत होती. रिंगा बसवण्याआधी खाच पेट्रोलच्या बोळ्यानं कोरडी करायची असते, हे मला माहीत होतं. बोळा मी हातातही घेतला होता. पण कालच घातलेलं पूजेचं तेल दसऱ्याच्या दिवशी पेट्रोलनं पुसायचं मला जिवावर आलं. शेजारी वहिनी बसल्या होत्या.

"भावजी, कुक्कू पुसू नका बरं का," त्या म्हणाल्या.

"नाही वहिनी, नुसतं बसवतोय," मी म्हणालो.

त्यांनी कुंकवाबद्दल सांगितलं होतं, आणि कुंकू होतं दस्त्यावर. खाचेत फक्त तेल होतं. ते पुसायला त्यांनी मनाई केली नव्हती. मी बोळा बाजूला ठेवला आणि तेलावरच रिंगा आवळल्या.

दादांना खांद्याला बंदूक लावून बसवलं. त्यांचा डोळा कुठं येतो ते बघून स्कोप मागंपुढं केला, आडवी रेघ सरळ केली, वरचे स्क्रू फिरवले. मळ्यात जाऊन कागदावर नेम लावला. दादांनी पहिलाच छर्रा पत्र्यावर मारला आणि बंदूक खाली न ठेवताच हसले.

"आरं, पत्र्यावरचं गंजलेलं भोकसुदिक दिसतंय की! लई झ्याक केलंस."

त्या दिवशीच्या एसटीनं मी खुशीत परतलो.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमचं दादा मळ्यात जायनात. डोळं गेलं म्हनत्यात."

झालं होतं ते असं. बाभळीवर पत्र्याच्या वरच्या फांदीवर एक होला बसला होता. नेहमी कुणी ना कुणी पाखरू तिथं असायचंच. दादांचा नेम पक्का असल्यामुळे ते त्याची फिकीर करत नसत. पत्रा वाजला की होला उडून जाई. त्या सकाळी दादांनी पत्र्याच्या मधोमध नेम धरला, आणि होला खाली पडला. ते मचाणावरून उतरले, होल्याला हातात घेतलं, बांधाच्या कडेला खड्डा करून पुरलं. बंदूक घरी आणून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, आता आपल्यानं राखण व्हायची नाही.

रविवारी मी गावी गेलो. दादा ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "तुज्या स्कोपात सगळं धडधडीत दिसत हुतं रं. तरीबी चुकलो. म्हंजी माजं डोळंच मला फसवाय लागलंत."

मी आत जाऊन बंदूक हातात घेतली. बघताक्षणी समजलं. मागची रिंग बोटभर मागं सरकली होती. खाचेत तिच्या सरकण्याचा ओरखडा होता आणि त्यात अजून तेल होतं. प्रत्येक धक्क्याबरोबर स्कोप जागेवरून हलत गेला होता आणि नेम वर गेला होता. दादांच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता.

तेव्हाच बाहेर येऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. घाईनं खाच पुसून कोरडी केली, रिंगा पुन्हा आवळल्या, मागच्या दारानं मळ्यात जाऊन नेम लावला आणि दादांजवळ येऊन म्हणालो, "दादा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. एकदा परत बघा तरी."

"कशावरून म्हनतोस?"

"असंच. होतं कधीकधी."

"असंच होऊन जीव जातोय व्हय?" ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

मी धाराशिवला परतलो. तो पुढचा आठवडा मला आठवतो तो वहिनींमुळे. दादा जात नाहीत म्हणून उजाडायला त्या स्वतःच मळ्यात जाऊन डबा बडवत होत्या. फोनवर म्हणाल्या, "हात भरून आलंत बगा. राघू बी आता मला ओळखाय लागल्यात, ह्या बांधाला बडवलं की त्या बांधाला बसत्यात." आणि हसल्या. मी पण हसलो. फोन ठेवल्यावर स्वतःची किळस आली. त्यांचे हात, दादांचे डोळे आणि तो होला, सगळं माझ्यापाशी येऊन थांबत होतं, आणि मी ऑफिसात बसून चहा पीत होतो.

शनिवारीच निघालो. दादा ओट्यावरच होते. जाताना मनात सगळं नीट मांडून ठेवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं.

"दादा, होला मी मारला."

मग मी रिंगा, पिन, तेल, सगळं सांगितलं. त्या रविवारी रिंग सरकलेली मी पाहिली होती आणि गुपचूप आवळली होती, हेही सांगितलं.

"म्हंजी डोळं नीट हायत माजं?"

"नीट आहेत."

"अगं ए, ऐकलंस का!" ते आत बघून ओरडले. "डोळं नीट हायत माजं!" आतून वहिनी म्हणाल्या, "मग उद्याच्याला डबा तुमीच बडवा!" दादा खळखळून हसले. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांचं हसू थांबलं. "रिंग सरकलेली तू कवा बघितलीस म्हनलास?"

"मागच्या रविवारी."

"म्हंजी माजं डोळं चांगलं हायत ही तुला ठावं हुतं, आन् तू मला आठ दिस आंधळा करून बसवलंस."

होल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. होल्याबद्दल बोलले असते तर माझ्यापाशी सबबीला तेल होतं, वहिनी होत्या, सण होता. या वाक्यावर माझ्यापाशी काही नव्हतं. दादा तंबाखू मळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं. "चल मळ्यात. बंदूक घे."

आधी त्यांनी कागदावर बरेच छर्रे मारून बघितले, आणि प्रत्येक छर्र्यानंतर रिंग अंगठ्यानं चाचपली. ती हलली नाही. मग आम्ही दोघं मचाणावर चढलो. सूर्यफुलांत राघू उतरले होते, दाणे टिपल्याचा बारीक आवाज येत होता. दादांनी बंदूक खांद्याला लावली, स्कोपात बघितलं, पण घोडा ओढला नाही.

"बारक्या, बाभळीवर कोन बसलंय का बघ."

"तुम्हाला दिसतंय की दादा. सगळं स्वच्छ दिसतंय."

"मला दिसतंय. पर तू सांग. तू न्हाय म्हनलास की मगच म्या सोडनार."

मी बाभळीकडं बघितलं. शेंडा बघितला, पत्र्याच्या वरची फांदी बघितली, पालवीच्या आतल्या सावल्या बघितल्या. वारं सुटलं की एखादं पान पाखरासारखं हलायचं आणि मी परत पहिल्यापासून बघायला लागायचो. खाली राघू खात होते. दादा बंदूक तशीच धरून थांबले होते. त्यांनी घाई केली नाही. 'कोणी नाही' एवढे दोन शब्द म्हणायला मला फार वेळ लागला.