उपडा धरलेला डबा

एका जर्मन पाणबुडीच्या कप्तानाचं आत्मचरित्र मी तरुणपणी मराठीत आणलं. प्रस्तावनेत लिहिलं होतं, मूळ पुस्तकातली एकही ओळ गाळलेली नाही. ते खोटं होतं.

यंदा नवी आवृत्ती काढायचं ठरलं. प्रकाशकांनी माझं भाषांतर मूळ पुस्तकाशी ताडून घेतलं आणि फोन केला. "बरोबरच लिहिलंय तुम्ही. ओळ नाहीच गाळलेली. अख्खं पान गाळलंय."

शेजारी बायको शेंगा सोलत बसली होती. आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी फोन कानावर घट्ट दाबला.

तिचे वडील रत्नागिरीकडचे. इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर आगवाला, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. ती पाळण्यात असताना जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. कंपनीची तार आली, तिच्यात बोटीचं नाव आणि बुडाल्याची तारीख. त्या तारखेची तिथी धरून सासूबाई दर वर्षी श्राद्ध करायच्या, त्यांच्यामागे आम्ही. "एका क्षणात गेले, हाल नाही झाले," असं सासूबाई म्हणायच्या. तेवढाच त्यांचा आधार होता.

कप्तानाचं आयुष्य मी मोठ्या गोडीने भाषांतरित करत होतो. शिडाच्या जहाजावरचं शिक्षण, कोवळ्या वयात हाती आलेली पाणबुडी, पदकं, युद्धानंतर लाकडाचा व्यापार. माणूस धीराचा वाटायचा. आणि मग एका पानावर तारेतलं ते नाव आलं.

बोट बुडवल्यावर काही दिवसांनी त्याच भागात त्याला एक होडी दिसली. कडेवर बोटीचं नाव, आत हिंदुस्थानी खलाशी. एकाने पाण्याचा डबा उपडा धरून दाखवला. कप्तानाने त्यांना जमिनीची दिशा सांगितली आणि पाणबुडी खाली नेली. पाणी दिल्याचं त्याने लिहिलेलं नाही. पुढच्या परिच्छेदात हवामान आहे.

त्या होडीत सासरे होतेच असं नाही. नव्हतेच, असंही नाही.

सासूबाई तेव्हा हयात होत्या. मी ते पान गाळलं. त्यानंतर प्रत्येक श्राद्धाला पिंडावर पाणी सोडताना मी तांब्या पुरता रिकामा करायचो. बायकोला वाटायचं, श्रद्धा.

आता ते पान भाषांतरित करून मी छापायला दिलं, पण तिला सांगायचं धाडस झालं नाही. रोज चहाच्या वेळी तोंड उघडायचो आणि साखरेविषयी काहीतरी बोलायचो. शेवटी प्रुफं आली.

आमच्याकडे प्रुफं दोघांनी तपासायची रीत. ती हस्तलिखित मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट. मी छापील कागदावर बोट ठेवून बघतो.

"एवढं पान मी वाचतो," मी म्हणालो.

"तुमचं अक्षर तुम्हाला तरी लागतं का? द्या इकडे."

ती वाचू लागली. बोटीचं नाव आलं. तिचा आवाज किंचित अडखळला आणि पुढे गेला. "एकाने पाण्याचा डबा उपडा धरून दाखवला, पूर्णविराम." माझं बोट त्या शब्दावर होतं, पण अक्षरं दिसत नव्हती. तिने पान शेवटपर्यंत वाचलं.

"ही आपलीच बोट ना?"

"हो."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या आवृत्तीपासून."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती कागदाची कड नखाने सरळ करत बसली.

"म्हणजे त्या तिथीला बाबा कदाचित जिवंत होते," ती म्हणाली. "तहानलेले. आणि आपण त्यांचं श्राद्ध करत आलो."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हात वर केला.

"यंदापासून ती तिथी नको. सर्वपित्रीला करू. आणि प्रस्तावनेतली ती ओळ काढा."

मी काढली. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येक पानाचं दुसरं वाचन व्हायचं असतं. तिने चष्मा पुसला आणि तेच पान पुन्हा वर घेतलं.

"नीट बघा हं," ती म्हणाली. "आता काही सुटायला नको."