शुभाकाकूंची गायिका

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात शुभाकाकू ओळखल्या जात त्या डाळिंबी उसळीसाठी. त्या युरोपातलं शास्त्रीय गाणं ऐकतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. लोक हसतील म्हणून त्यांनीच ते लपवलं होतं.

शशिकांतकाका ॲन आर्बरच्या हॉस्पिटलात होते तो सगळा हिवाळा काकू रोज एकट्या गाडी चालवत जात. रेडिओवर मारिट एकलुंड नावाची एक स्वीडिश गायिका लागायची. शब्द कळत नसत, पण तो आवाज धीर देत नसे, कीव करत नसे, नुसता शेजारी बसे. काका गेले, त्यानंतरही काकू दर रविवारी तिला ऐकत राहिल्या.

यंदा रेडिओवाल्यांनी जाहीर केलं, की तीन गायिकांपैकी श्रोत्यांच्या मतांनी दोघीच रविवारच्या कार्यक्रमात राहतील. बाकीच्या दोघी बड्या, त्यांच्या मैफलींना तिकिटं मिळायची मारामार. एकलुंडचं नाव जाणकारही त्यांच्यानंतरच घेत. न राहवून त्या मुलाशी, परीक्षितशी बोलल्या. त्या पठ्ठ्यानं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "आईची फेव्हरेट सिंगर आहे, प्लीज व्होट करा."

मंडळाला एवढं पुरे. कोणाच्या भाच्याच्या कुत्र्यालासुद्धा मंडळ डोळे झाकून मत देतं. बघता बघता एकलुंड पहिल्या नंबरावर गेली.

काकू हरखल्या. एवढ्या जणांना ती आवडते आणि आपण उगाच लपवत बसलो! ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या मंडळाच्या पॉटलकला त्यांनी शेजारच्या नेत्राला विचारलं, "तुला तिचं कुठलं गाणं आवडतं गं?"

"काकू, खरं सांगू? मी ऐकलंच नाहीये. तुमच्यासाठी व्होट केलं."

आणखी दोघींनी तेच सांगितलं. घरी जाताना काकूंनी रेडिओ लावला नाही. त्यांना रडू आलं, ते गायिकेसाठी नव्हे. चार दिवस त्यांना वाटलं होतं, की आपल्याला सोबत मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओवाल्यांना फोन करून सरळ सांगितलं, आमच्या मंडळाची मतं माझ्या भिडेखातर पडलीत, ती काढून टाका.

परीक्षित वैतागला. "आई, कशाला? जिंकत होती ना ती."

"ती नाही रे. मी जिंकत होते."

मतं वजा झाली आणि एकलुंड तिसरी आली. येत्या रविवारी तिचं शेवटचं गाणं लागेल, असं निवेदकानं सांगितलं. ही गोष्ट मंडळभर झालीच. काकूंना वेड लागलंय, असं काहींनी ठरवूनही टाकलं.

रविवारी काकूंनी चहा टाकला, रेडिओ लावला. गाणं सुरू झालं आणि फोन वाजला. नेत्रा होती.

"काकू, मीपण लावलंय."

तिच्या स्वयंपाकघरातूनही तोच आवाज येत होता. काकूंनी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि फोन कानाशी धरून बसल्या. गाणं संपलं.

मग नेत्रा हळूच म्हणाली, "काकू, फोन ठेवू नका इतक्यात."