पिल्लाचं पोट

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी बाबांना कोथरूडला माझ्याकडे आणलं. तोवर त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, किल्ल्या. मग गॅस बंद करणं. आणि एके दिवशी भाजी आणायला म्हणून बाहेर पडले ते आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना घराचा पत्ता विचारू लागले. सगळी नोकरी पोस्टात काढलेला माणूस तो.

माझी मुलगी त्याच सुमारास बंगळूरला शिकायला गेली. हॉस्टेलवर तिला तिचा ॲक्सोलॉटल नेता येईना, म्हणून तोही माझ्याकडेच राहिला. हा पाण्यातच राहणारा जीव. अंग पालीसारखं, मानेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे कल्ले, आणि तोंडाची ठेवण अशी, की सदा हसतोय असं वाटावं. अजून लहानच होता, माझ्या बोटापेक्षा थोडा लांब. बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा टाकीच्या काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"हे पालीच्या माहेरचं, की बेडकाच्या?" त्यांनी विचारलं.

ते अवघड नाव त्यांच्या जिभेवर काही बसलं नाही. त्यांनी त्याला 'पिल्लू' म्हणायला सुरुवात केली, आणि मग आम्हीही.

सकाळी चहा झाला की ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे. काचेवर बोट टेकलं की पिल्लू तळाशी इवलीइवली पावलं टाकत त्या बोटापाशी यायचं. बाबा बोट डावीकडे नेत, ते डावीकडे जाई. मी कामाला जाताना, परत आल्यावर, दोघं तिथेच असत. आई गेल्यापासून बाबांच्या तोंडून मी इतकं बोलणं ऐकलं नव्हतं. पावसापाण्याच्या, पेन्शनच्या, शेजारच्या इमारतीतल्या भांडणाच्या सगळ्या गोष्टी ते त्याला सांगायचे.

उन्हाळा लागता लागता पिल्लाचं काहीतरी बिनसलं. एरवी तळाशी बसणारं ते पाण्यावर तरंगायला लागलं. शेपटीकडची बाजू वर, डोकं खाली. तळाशी जायची धडपड करायचं आणि बुचासारखं पुन्हा वर यायचं. पोट टम्म फुगलं होतं. गांडुळाचा तुकडा चिमट्यात धरून पुढे केला तर तोंड फिरवलं. टाकीत शी दिसून कितीतरी दिवस झाले होते. त्याला गारच पाणी लागतं, म्हणून टाकीत मी बर्फाच्या बाटल्या सोडतच होते. काय चुकतंय ते कळेना.

आमच्याजवळचे डॉक्टर म्हणाले, "मी कुत्री-मांजरं बघतो हो. हे काय आहे, हेच मला आधी तुम्हाला विचारावं लागेल." कात्रजला एक डॉक्टरबाई कासवं-पोपट वगैरे बघतात असं त्यांनीच सांगितलं. मी पिल्लाला झाकणाच्या डब्यात घातलं. बाबा पायात चपला घालून दाराशी तयारच होते.

"तुम्ही कशाला बाबा, ऊन किती आहे!"

"ते घाबरेल. मी डबा धरतो."

रिक्षात सगळ्या वाटेत त्यांनी तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. खड्डा आला की उचलून धरायचे.

डॉक्टरबाईंनी पिल्लाला उथळ ट्रेमध्ये घेतलं आणि ओल्या बोटाने पोट चाचपलं. "गच्च भरलंय. काय खायला घालता?"

"गांडुळं. दिवसाआड, थोडीच."

त्यांनी हलकेच पोटावरून बोट फिरवलं तशी पिल्लाने तोंड उघडून एक पांढरट गोळा बाहेर टाकला. बाईंनी तो चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"ही पोळी आहे," त्या म्हणाल्या. "यांना पोट भरल्याचं कळत नाही. तोंडासमोर काही हललं की गिळतात. पण हे यांना पचत नाही, आतच फुगून बसतं."

माझ्या डोळ्यांसमोर सगळी सकाळ उभी राहिली. चहाबरोबरची पोळी, खुर्ची, टाकी. बाबा खायला घालत होते. घातलेलं विसरत होते आणि पुन्हा घालत होते.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते संतापले होते.

"पोळी कुणी घातली त्याला?" ते मला म्हणाले. "अगं, लहान जीव तो. त्याला पोळी पचते का? घरात कुणाचं लक्ष नाही?"

डॉक्टरबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना काय ते समजलं असावं. "आजोबा, होईल बरं," त्या म्हणाल्या.

उपाय ऐकून मीच चमकले. पिल्लाला स्वच्छ पाण्याच्या डब्यात घालून काही दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं. रोज तेवढंच गार पाणी बदलायचं, खायला काही नाही. गारव्यात त्याला आराम पडतो, पोट मोकळं व्हायला मदत होते. घरी आल्यावर मी भाजीच्या वरचा कप्पा रिकामा केला आणि फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला: 'पिल्लू आजारी आहे. फ्रिजमध्ये ठेवणे हेच औषध. बाहेर काढू नये.' बाबा दर थोड्या वेळाने तिथे जायचे, कागद मोठ्याने वाचायचे, "बरं, बरं" म्हणून परत यायचे. पोळीचा डबा मी वरच्या फळीवर ठेवायला लागले.

दोन-तीन दिवसांनी पाणी बदलताना डब्याच्या तळाशी काळपट शी दिसली. मी स्वयंपाकघरातून ओरडलेच. बाबा धावत आले. मुलीला फोन लावला, डबा कॅमेऱ्यासमोर धरला, आणि आम्ही तिघं एवढ्याशा शीकडे बघून असे हसलो, जसं काही घरात बाळच जन्माला आलंय. पोट बरंच उतरलं होतं. आणखी दोन दिवस आत ठेवा, डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, मग हळूहळू टाकीत सोडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅसचा सिलिंडर आला म्हणून मी खाली गेले. लिफ्ट बंद होती, त्या माणसाशी जरा बोलाचाली झाली, थोडा वेळ गेला. वर आले तर फ्रिजचं दार उघडं.

बाबा गॅलरीत उन्हात बसले होते. मांडीवर डबा, डब्याभोवती त्यांचा मफलर गुंडाळलेला. शेजारी गिझरच्या गरम पाण्याचा अर्धा रिकामा तांब्या.

"अगं, बर्फासारखं गार पडलं होतं ते," त्यांचा आवाज कापत होता. "कुणी ठेवलं त्याला तिथे? थंडी वाजत होती त्याला. आता बघ कसं निजलंय."

पिल्लू उताणं होतं. कल्ल्यांचा गुलाबी रंग गेला होता.

मी म्हटलं, "हो बाबा, निजलंय. द्या माझ्याकडे." डबा घेऊन मी न्हाणीघरात गेले, कडी लावली. पाणी हळूहळू गार करत राहिले, बोटाने त्याला हलवत राहिले. ते काही हललं नाही. बाहेरून बाबा विचारत होते, "झालं का गं? उठलं का?"

सोसायटीच्या मागच्या बाजूला तगरीखाली मी त्याला पुरलं. मुलीला सांगितलं, पोटाचं दुखणं पुन्हा उलटलं. ती फोनवर रडली, आणि रडतानाच म्हणाली, "आजोबांना सांगू नकोस हं, त्यांना सहन व्हायचं नाही."

सांगितलं नाही. टाकीतलं पाणी, आतलं मातीचं छोटं मडकं तसंच ठेवलं. रोज सकाळी बाबा खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे, "पिल्लाने खाल्लं का?" मी म्हणायचे, "खाल्लं. मडक्यात झोपलंय." ते बोट काचेवर टेकून वाट बघायचे. बऱ्याच वेळाने म्हणायचे, "झोपू दे. आजारातून उठलंय." मी त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहायचे.

पुढे एका संध्याकाळी मी दिवे लावत होते. बाबा टाकीकडे न बघता, अगदी जुन्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, "मी त्याला उन्हात ठेवलं ना गं?"

माझ्या हातातली काडी विझली.

"नाही बाबा. आजारीच होतं ते."

"खोटं बोलू नकोस. कागद लावला होतास तू. मी वाचला होता. वाचला, आणि तरी काढलं." मग ते रडायला लागले. आई गेली तेव्हा आलेल्या-गेलेल्यांचं त्यांनीच बघितलं होतं, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र ते तोंडावर धोतराचा सोगा धरून हमसून हमसून रडले. "पोळीसुद्धा मीच घातली असेल," म्हणाले. "हो ना?" मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. जेवले नाहीत. तसेच निजले.

सकाळी मी चहा ठेवत होते. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काय गं," बाबांनी विचारलं, "पिल्लाने खाल्लं का?"

"खाल्लं बाबा," मी म्हटलं. "पोटभर खाल्लं."