नाचून दाखव

बाबांच्या पाठीचा रिपोर्ट घरात मीच वाचला. आमच्याकडे इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नाही. मलाही ते फार येतं अशातला भाग नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सूचना फलकापुढे मी एकेक नोटीस दोनदा वाचायचे. तो कागद तर मी चारदा वाचला.

बाबा आनंदनगरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडून माल चढवायच्या-उतरवायच्या कामावर होते. ट्रकमधून ड्रम उतरवताना एक ड्रम घसरला, तो अडवायला बाबा गेले आणि कमरेत काहीतरी कट्कन झालं. त्यानंतर दोन महिने ते घरी होते. आई उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापते. त्या दोन महिन्यांत गठ्ठे दुपटीने येऊ लागले. घरभर निळं बारीक तूस उडायचं, बाबांच्या अंथरुणावरसुद्धा.

ठेकेदाराला सगळे शेठ म्हणतात. ते इथेच शिरगावात, आमच्या मागच्या गल्लीत राहतात. कामावर परत घ्या म्हणून सांगायला बाबा गेले तेव्हा मी बरोबर होते. शेठ फाटकात उभे राहून ब्रश करत होते.

"फिट है क्या?" त्यांनी फेस थुंकत विचारलं.

"एकदम, शेठ."

"तू म्हणतोस रे. आत जाऊन आडवा झालास तर कंपनी माझ्या उरावर बसेल." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते हसले. "शनिवारी मंडळाचा ऑर्केस्ट्रा आहे ना? दरवर्षी तूच पहिला उठतोस. नाचून दाखव. सोमवारी गेटपास घेऊन जा."

बाबाही हसले. परत येताना मी म्हटलं, "मस्करी करत होते ते."

"मस्करी नव्हती ती," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी रिपोर्टची पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी पुन्हा वाचून दाखवलं. वजन उचलू नये, कमरेतून वाकू नये, झटका बसेल अशी हालचाल करू नये.

"नाचू नये असं लिहिलंय का?"

मी कागद खालपर्यंत पाहिला. "तसं नाही लिहिलं."

"झालं तर मग."

झटक्याचं लिहिलंय, त्यातच नाचणं आलं, एवढं मला तेव्हा म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. माझा तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा होता, फीला पैसे नव्हते. आई मान खाली घालून धागे कापत होती. मी खरं तेच सांगितलं की मला हवं ते सांगितलं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे पाहुण्यांसाठी सोफे होते आणि मधल्या सोफ्यावर शेठ. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. बाबांनी शर्टाच्या आत कमरेचा पट्टा आवळला होता आणि तो दिसू नये म्हणून शर्ट बाहेर सोडला होता. गाणारी बाई चांगली होती. पहिली काही गाणी लोकांनी बसूनच ऐकली. मग हळदीत वाजतात तसल्या गाण्याचा ठेका सुरू झाला आणि मागची पोरं खुर्च्या सरकवून पुढे धावली.

"काका, आज खुर्ची तापवायला आलात काय?" एकाने विचारलं.

"बसू दे रे, म्हातारा झाला तो," दुसरा म्हणाला.

शेठनी मान वळवून मागे पाहिलं.

बाबा खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठले. मी बसून राहिले. मी कधी चारचौघांत नाचलेले नाही. कॉलेजच्या कार्यक्रमातही मी मैत्रिणींच्या पर्सा सांभाळते. आई माझ्या कानात म्हणाली, "जा ना गं त्यांच्याबरोबर." मी तरी उठले नाही. बाबांनी हात वर केले, पूर्वीसारखी गिरकी घ्यायला गेले आणि अर्ध्यात थांबले. लोकांना ती अदा वाटली, शिट्ट्या पडल्या. मला त्यांचा चेहरा दिसला.

तेव्हा मी उठले. पुढे जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, मी हात धरून ठेवले तर त्यांना वाकावं लागणार नाही, भार माझ्यावर येईल. बघणाऱ्यांना बाप-लेक नाचताना दिसत होते. त्यांची नखं माझ्या तळव्यांत रुतत होती. ते हसत होते, आणि हसता हसताच म्हणाले, "सोडू नको."

मी सोडलं नाही. पाय कसेबसे हलवत राहिले आणि मीही हसले. गाणं संपत आलं तशी मी मनात म्हटलं, निभावलं.

सोफ्यावरून शेठ ओरडले, "वन्स मोअर!"

गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

सोमवारी गेटपास मिळाला. बाबांना वाकता येत नव्हतं म्हणून त्यांच्या सेफ्टी बुटांच्या नाड्या मी बांधल्या. पुढे रोजच बांधत होते. तिसऱ्या आठवड्यात ते ड्रमजवळ पडले. ड्रम उचललाही नव्हता, नुसता हात लावला होता म्हणे. सोबतच्या लोकांनी रिक्षाने आणून सोडलं. ऑपरेशन झालं, पण डावा पाय आता उचलत नाही, जमिनीवर घासत येतो.

मी शेठकडे गेले. बरोबर रिपोर्ट होता आणि रात्रभर बसून लिहिलेला भरपाईचा अर्ज होता. त्यांनी दोन्हींतलं काहीच हातात घेतलं नाही. खिशातून मोबाईल काढला. कोणीतरी त्या संध्याकाळचा व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता.

"हे बघ. पाठ दुखणारा माणूस असा नाचतो? आणि ही कोण? तूच ना? वाचता येतं ना तुला? रिपोर्ट वाचून पण नाचवलंस बापाला. आता मला विचारतेस?"

ते चूक बोलत होते असं मी अजूनही पूर्णपणे म्हणू शकत नाही. नाचून दाखव असं तेच म्हणाले होते, हे मला त्यांच्या फाटकाबाहेर आल्यावर आठवलं. पुन्हा आत जायचं धाडस झालं नाही.

तो व्हिडिओ बाबांच्या मोबाईलमध्येही आहे. आडवे पडल्यापडल्या ते कधी कधी आवाज बंद करून पाहतात. परवा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एका जागी तो थांबवला. पडद्यावर ते मागे कलले होते आणि त्यांचा सगळा भार माझ्या हातांवर होता.

"इथं तू हात सोडला असतास ना," ते म्हणाले, "तर सगळ्यांसमोर पडलो असतो मी. बरं धरलंस."

मी हो म्हटलं. तिथे बाबा पडले असते तर शेठनी पाहिलं असतं आणि सोमवारी गेटपास मिळाला नसता. हे त्यांच्याही मनात येत असेल का, ते मी विचारलं नाही. त्यांनी व्हिडिओ पुढे सुरू केला, आणि पडद्यावर माझे हात तसेच घट्ट धरलेले राहिले.