सुवार्ताबाई पवित्र भूमीला जाऊन आल्या

भोरच्या सुवार्ताबाई साळवे यांनी जन्मभर बालवाडी चालवली. निवृत्तीनंतर त्यांची एकच इच्छा उरली होती, येशूची पवित्र भूमी बघायची. एका यात्रा कंपनीत त्यांनी नाव घातलं. चर्चमध्ये हार-तुरे झाले, गल्लीनं जेवायला घातलं, शेजारच्या इमामबी गळ्यात पडून रडल्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी निरोप आला की तिकडे युद्ध भडकलंय, यात्रा रद्द.

बाईंना दुःखापेक्षा लाजच जास्त वाटली. सगळ्या गावाचा निरोप घेऊन झालेला, आता गिरणीत दळण घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? त्या दार लावून बसल्या. शेवटी इमामबींचा मुबारक मागच्या दारानं आला. तो जीप चालवायचा. यात्रेत काय काय दाखवणार होते ते त्यानं नीट विचारून घेतलं.

"मावशी, उद्या पहाटं तयार राहा," तो म्हणाला. "युद्ध तिकडं हाय. हितं न्हाई."

पहाटे बाई नवे बूट आणि यात्रेची टोपी घालून जीपमध्ये बसल्या. सोबतीला इमामबी. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी मुबारकनं गाडी थांबवली आणि हा गालीलचा समुद्र असं सांगितलं. बाईंना आधी हसू आलं. पण पाण्यावर एक होडी होती, होडीत जाळं होतं, येशूच्या कोळी शिष्यांचं असावं तसं. त्या उतरल्या आणि त्यांनी मनापासून प्रार्थना केली. पुढं नसरापूर आलं, तेव्हा येशूचं गाव नासरेथ म्हणून सांगायचीही गरज पडली नाही.

बेथलेहेमसाठी विंझरला आनंदरावांचा गोठा ठरला होता. बाई गव्हाणीसमोर गुडघे टेकून बसल्या, तर म्हशीनं त्यांची टोपी ओढून चघळायला घेतली. आनंदरावांना वाटलं, ही मंडळी म्हैस बघायला आलीत. म्हैस विकायची नाही, असं ते बजावून सांगू लागले. इमामबींनी मात्र सवयीनं ती दूध किती देते ते विचारलं. तिथून निघता निघता ऊन वर आलं.

वेल्हे म्हणजे यरुशलेम. तहसील कचेरीला मुबारक येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताचा वाडा म्हणाला. बाई तिथल्या बाकावर डोळे मिटून बसल्या, तेव्हा शेजारच्या माणसानं त्यांना हळूच विचारलं की तुमचाही सातबारा अडकलाय का.

राहिलं ते संग्रहालय. कत्तलीत मेलेल्या ज्यूंच्या आठवणीसाठी बांधलेलं एक मोठं संग्रहालय यात्रेत होतं. त्याच्या जागी काय दाखवायचं ते मुबारकला सुचेना. चहाच्या टपरीवर त्याला कळलं की जवळच एका पत्र्याच्या शेडमध्ये धरणात बुडालेल्या गावाच्या दारांच्या चौकटी ठेवल्यात.

चौकटी गावातल्या आळीसारख्याच उभ्या केल्या होत्या. भिंती नव्हत्या. सुवार्ताबाई दोन चौकटींमधून आत निघाल्या, तशी देखरेख करणाऱ्या ठकुबाईंनी त्यांना अडवलं.

"बाई, ती भित हाय. दारानं या."

बाई मागं फिरल्या, बूट काढून दारानं आल्या. एका उंबऱ्यावर सोनबा नावाचे म्हातारे बसले होते. तो त्यांचाच उंबरा, ते रोज येऊन बसत. समोरची चौकट रिकामी होती. त्या घरातलं कुणीच मागं राहिलं नाही, आलं-गेलं माणूस टेकलं तर बरं वाटतं, असं ठकुबाईंनी सांगितलं. बाई त्या उंबऱ्यावर बसल्या.

सोनबांनी बराच वेळ त्यांच्याकडे रोखून बघितलं.

"तुमच्या मोरीचं पानी आमच्या अंगनात येतं," ते म्हणाले. "किती येळा सांगितलं."

मुबारक समजूत घालायला पुढं झाला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं. समोर मोरी नव्हती, अंगण नव्हतं. दोन्ही कधीची पाण्याखाली गेलेली.

"येत असेल," त्या म्हणाल्या. "आमचंच चुकलं. उद्या वळवून घेते."

इतकी वर्षं शेजाऱ्यांशी भांडून सोनबांना हे उत्तर कधी मिळालं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि ठकुबाईंना समोरच्या घरी चहा द्यायला सांगितलं.

रविवारी चर्चमध्ये बाईंना यात्रेविषयी बोलायला उभं केलं. त्यांनी म्हशीपासून मोरीपर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग बायकांनी मुबारकच्या जीपची चौकशी केली.

आता सुवार्ताबाई अधूनमधून एसटीनं वेल्ह्याला जातात. त्या उंबऱ्याशी त्यांनी कुंडीत अळू लावलंय. त्याची मुळं आपल्या भिंतीत शिरतात, असं सोनबांचं म्हणणं आहे, आणि या खेपेला बाई माघार घ्यायला तयार नाहीत.